आईंच्या कुरडया आणि माणची वाकळ

गिऱ्हाइकाच्या मालावर कुरडया घालणारी पुण्यातली मी बहुधा पहिलीच गोधडीवाली असेन. म्हणजे मी नाही घातल्या, सासूबाईंनी घातल्या. पण माल माझ्या ताब्यातला होता, तेव्हा गुन्हाही माझाच.

मी जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवते. मदतीला दोन मावश्या येतात. निम्मं कापड गिऱ्हाईकच आणून देतं : आईच्या साड्या, वडिलांची धोतरं, बाळाची लंगोटं. उरलेलं मी जुन्या बाजारातून आणते. बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर गेलं तर गठ्ठ्यातून चांगली सुती साडी हाताला लागते; अकरानंतर नुसतं नायलॉन उरतं. एक बोहारीण ओळखीची आहे. तिने पातेल्यावर घेतलेल्या साड्यांतल्या सुती ती माझ्यासाठी बाजूला ठेवते. सुती म्हणजे वीसएक वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेली. नवं कापड कितीही भारी असो, गोधडीत ते पहिली दोन वर्षं पाहुण्यासारखं ताठ बसून राहतं. जरीचा काठ मी उसवूनच टाकते, अंगाला टोचतो. हल्ली प्रदर्शनांत कोऱ्या कापडाचे तुकडे कापून, जुनं दिसावं म्हणून जोडलेल्या गोधड्या मिळतात. किमती ऐकून मला आधी हेवा वाटतो, मग राग येतो, आणि मग मी पण दोन तसल्या शिवते. पोट आहे.

आमचा मोसम मार्च ते मे. धुतलेलं कापड दोन तासांत कडक वाळतं आणि शिवताना हातात दमट राहत नाही. नेमका तोच मोसम घरातल्या वाळवणाचा. आणि लेकीच्या सुट्टीचा. गच्ची एकच.

एप्रिलच्या सुरुवातीला एक पन्नाशीचे गृहस्थ रिक्षातून एक बोचकं घेऊन आले. आत वाकळ होती. साताऱ्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. त्यांचं गाव माण तालुक्यातलं, वाकळ आजीची. मी ती वजनकाट्यावर ठेवली, पाच किलोला थोडी कमी. "ही धुवायची म्हटली की घरात भांडणं होतात," ते म्हणाले. "बहीण म्हणते मला हवी, मी म्हणतो मला. तुम्ही हिच्या दोन करा. हलक्या."

वाकळ उसवायला मी सहसा नाही म्हणते. फाटली तर वरून नवं कापड घालून पुन्हा धावदोरा मारायचा, हीच रीत. म्हणून तर जुन्या वाकळा जड होत जातात. पण बहीण-भावाचा प्रश्न होता आणि गृहस्थ अगदी कानकोंडे होऊन उभे होते. घेतलं काम.

उसवायला मला आणि एका मावशीला तीन दिवस लागले. वरचा थर अगदी अलीकडचा, पोरींच्या झग्यांचे आणि शर्टांचे चौकोन. तो निघाला आणि खाली दुसरी अख्खी वाकळ निघाली, स्वतःच्या टाक्यांसकट. जुनी झाली म्हणून तिलाच नव्या वाकळीच्या पोटात घातलेलं. हिचे टाके बघत मी बराच वेळ बसले. वाकळ कडेकडेने शिवत फेरावर फेर घेत मधे येतात. इथे दोन बाजूंनी दोन बायका बसल्या होत्या हे स्पष्ट दिसत होतं. एकीचे टाके तांदळाएवढे, घट्ट. दुसरीचे लांब लांब, घाईचे, मधेच वाकडे. मावशी म्हणाली, "ही थोरली जाऊ आणि ही धाकटी." कोण कोण होतं देव जाणे, पण मावशीने पुढचा अर्धा तास त्या दोघींचा सगळा संसार मला रंगवून सांगितला. धाकटीचं मूल रडत होतं म्हणे.

त्याच्या खाली इरकली लुगडं, लाल पदर विटून विटकरी झालेला. मग धोतर, आणि धोतराच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी काळी खूण : दोन रेघा आणि एक टिंब. ही धोब्याची खूण. पूर्वी धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करायचे. बिब्ब्याचं तेल एकदा कापडात मुरलं की कितीही धुवा, जात नाही. धोतर मधे विरून जाळी झालं होतं आणि खूण मात्र काल केल्यासारखी. पण माणमधल्या खेड्यात धोब्याकडे धोतर टाकणारा कोण, ते मला कळेना.

सगळ्यात आत, अगदी पोटात, एक जाड पांढरं कापड होतं. पोत्याचं असावं, पण तागाचं नाही, सुती. त्यावर पिवळट डाग होते आणि डागांपाशी कापड खळ दिल्यासारखं कडक. मी ते हलक्या हाताने धुतलं. ओलं असताना त्यावर पुसट छपाई उमटली. लेक शेजारीच बसली होती. परीक्षा संपून दोन दिवस झाले होते आणि तिला आधीच कंटाळा आलेला. तिने शेवटची चार इंग्रजी अक्षरं लावली : आर, आय, सी, ए. "आफ्रिका!" ती ओरडली. मग वर दोन हात दिसले, एकमेकांत मिळवलेले, आणि त्यांच्यामागे ढालीवर उभे पट्टे. आफ्रिका नव्हे, अमेरिका. १९५४ च्या पी.एल. ४८० कायद्याखाली अमेरिकेतून आपल्याकडे धान्य यायचं, मदतीच्या मालावर ही हातात हात दिलेली खूण असायची. शाळेत याचा धडा मला कधी पाठ झाला नव्हता. आता तो माझ्या बादलीत होता.

संध्याकाळी सगळे थर गच्चीत दोरीवर टाकले. पोत्याचं कापड ओढलं तर विरेल या भीतीने ते तेवढं सिमेंटच्या कोब्यावर सपाट अंथरलं, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि खाली आले. आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायचं राहिलं.

आईंचा गहू तीन दिवस भिजत होता. रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून पहाटे शिजवायचा. हे सगळं मला ठाऊक होतं. पहाटे पाचला हाटण्याचा आवाज मी झोपेत ऐकलाही होता. लेक उठून गरम चिकावर तूप-साखर घालून खाऊनही आली. साडेसातला मी चहा घेऊन गच्चीत गेले तर त्या कापडावर सात ओळी कुरडया. सोऱ्या हातात धरून आई आठवी ओळ घालत होत्या. लेक काळी छत्री उघडून कावळ्यांवर पहाऱ्याला बसलेली.

"आई, हे काय केलंत!"

"काय केलं? फडकं अंथरलेलंच होतं. मी पाणी शिंपडून घेतलं." मग सोऱ्या खाली ठेवून त्या म्हणाल्या, "माझं वाळवणाचं लुगडं सापडलं असतं तर हे कशाला घेतलं असतं? फळीवर नव्हतं. कुठंय ते?"

आता इथे मला गप्प बसावं लागलं. कारण ते लुगडं मार्चमध्येच मी एका गिऱ्हाइकाच्या गोधडीत आतून घातलं होतं. दोन वार कापड कमी पडत होतं, फळीवर ते विरलेलं लुगडं घडी करून ठेवलेलं दिसलं, आणि मला वाटलं, जुनं आहे, कोणाला लागतंय. आठ वर्षं मी लोकांना सांगते की घरातलं कुठलंच कापड टाकाऊ नसतं, बघून घ्या, विचारून घ्या.

कुरडया ओल्या असताना उचलता येत नाहीत, त्यांचा लगदा होतो. म्हणजे त्या वाळेपर्यंत थांबणं आलं. आणि गृहस्थ त्याच दिवशी अकराला येणार होते, थर बघायला, कोणता कोणाला ते ठरवायला. फोन करून 'उद्या या' म्हणावं म्हटलं, तर ते निघालेले. सोबत त्यांच्या आत्याही होत्या, गावाहून आलेल्या, डोळे तपासायला.

मी आधी त्यांना घरात बसवलं, पन्हं दिलं. आईंनी आंब्याची डाळ पुढे केली. चैत्रगौर बसलेली होती, तेवढं निमित्त. आत्या ऐंशीच्या आसपास, काटक, नऊवारीत. डाळ खाऊन झाल्यावर त्यांनीच विचारलं, "वाकळ कुठं हाय?" मग मी सांगून टाकलं. गृहस्थांचा चेहरा पडला. "म्हणजे, वरती खाण्याचं वाळत घातलंय?" ते म्हणाले. मी म्हटलं, हो, चूक माझी, पैसे घेणार नाही, डाग निघतील. आई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. त्यांना असं गप्प मी फार कमी वेळा पाहिलंय.

आत्या जिना चढून वर आल्या. आधी दोरीपाशी गेल्या. धोतराची खूण त्यांना दिसली नसती, म्हणून मी बोट धरून दाखवली. "आमचं आबा गिरनीत हुतं, म्हमईला," त्या म्हणाल्या. "तिथल्या धोब्याची आसंल." माणसारख्या कोरड्या तालुक्यांतून माणसं मुंबईच्या गिरण्यांत जायची हे मला माहीत होतं, धोतरापाशी ते डोक्यात आलं नव्हतं एवढंच. मग त्या कुरडयांपाशी येऊन उकिडव्या बसल्या. एक कुरडई बोटाने दाबून पाहिली. मग शेजारच्या पिवळ्या डागावरून हात फिरवला.

"ह्ये तर आमचं कुरड्याचं फडकं," त्या म्हणाल्या. "साळंत पीठ यायचं त्याची पिशवी. बहात्तरच्या दुस्काळात आई खडी फोडाया जायची, तवा गहू कुठला आन् कुरड्या कुठल्या. पर त्याच्या आदी न् मागनं समदं वाळवान ह्याच्यावरच. ह्यो डाग चिकाचाच हाय बग."

तो डाग खरंच चिकाचा होता, की माझा आणि आईंचा उतरलेला चेहरा बघून त्या म्हातारीने आम्हाला वाचवलं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. खळ दिल्यासारखं ते कापड कडक होतं हे खरं. पण पन्नास वर्षांत किती वेळा धुतलं गेलं असेल, चीक राहतो का इतका? मावशी म्हणते राहतो. मावशी त्या दोन जावांनाही ओळखते.

आईंना मात्र एकदम कंठ फुटला. त्या आणि आत्या तिथेच उन्हात बसल्या आणि गहू खपली घ्यावा की बन्सी, हिंग घालावा की नाही, यावर जुंपली. गृहस्थ माझ्याशेजारी सावलीत उभे होते. "आत्या इतकं बोलताना मी पहिल्यांदा बघतोय," ते हळूच म्हणाले. लेकीने त्यांच्या हातात छत्री दिली आणि ती खाली खेळायला पळाली. पुढचा पाऊण तास कावळे त्यांनी हाकलले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापड उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवला. कुरडया एकेक करून सुटल्या. पाच मोडल्या. कापड विरलं नाही.

वाटणी आत्यांनी केली. इरकली बहिणीला, धोतर भावाला, टाक्यांची आतली वाकळ मधोमध कापून अर्धी अर्धी. मला ते कापणं जिवावर आलं होतं. मी आडवं कापलं, म्हणजे दोघांच्याही वाट्याला तांदळाएवढे टाके आणि लांब टाके दोन्ही येतील. पोत्याच्या कापडावरून दोघं बहीण-भाऊ पुन्हा सुरू होणार असं दिसताच आत्यांनी ते घडी करून आपल्या पिशवीत टाकलं. वर आईंनी कुरडयांचा पुडा ठेवला, मोडक्या पाचांसकट.

दोन्ही गोधड्या मे अखेरीस दिल्या, दीड-दीड किलोच्या. पैसे निम्मे घेतले. आईंना जुन्या बाजारातून एक मऊ लुगडं आणून दिलं, तर त्यांनी उलटसुलट बघितलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "हे कोणाचं कोण जाणे, यावर खायचं घालायचं?" त्या आठवड्यात साबुदाण्याच्या पापड्या होत्या. मी बोहारणीकडून प्लास्टिकचा कागद घेऊन आले.