लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडलं: माझा अनुभव

दिवसभर ऑफिसात आणि गाडीत वापरायला हलका लॅपटॉप हवा, आणि रात्री घरी आल्यावर सायबरपंक 2077 सारखा जड गेम पण चालला पाहिजे. दोन मशीन घ्यायची नव्हती. लॅपटॉपला थंडरबोल्ट 3 हा वेगवान पोर्ट होता, म्हणून एक एन्क्लोजर, म्हणजे कार्ड बसवायची बाहेरची पेटी, घेतलं आणि लॅमिंग्टन रोडवरून आरटीएक्स 3060 चं 12 जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारं कार्ड, आणलं. जोडणी सोपी आहे. कार्ड स्लॉटमध्ये बसवायचं, पॉवरची पिन लावायची, केबल लॅपटॉपला जोडून परवानगी द्यायची आणि ड्रायव्हर टाकायचा. त्याच केबलवर लॅपटॉप चार्जही होतो.

खरं काम तिथून पुढे सुरू झालं. आधी गेम लॅपटॉपच्याच स्क्रीनवर लावला. चालला, पण शहरात गाडी वेगात घेतली की चित्र अडखळायचं. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर कार्ड बराच वेळ रिकामंच. त्याच्यापर्यंत काम पोचतच नव्हतं.

कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या रस्त्याला पीसीआयई म्हणतात, आणि त्याच्या पदरांना लेन. डेस्कटॉपमध्ये हे कार्ड सोळा लेनवर चालतं. जुनं पीसीआयई 3.0 धरलं तरी सेकंदाला जवळपास 16 जीबी. थंडरबोल्ट 3 वर लेन चारच, आणि खोक्यावर 40 गिगाबिट लिहिलेलं असलं तरी पीसीआयईच्या डेटाच्या वाट्याला साधारण 22 गिगाबिट, म्हणजे पावणेतीन जीबी, येतात. एडा64 या वेग मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजलं तेव्हा आकडा सेकंदाला अडीच जीबीच्या आसपास होता. त्यात लॅपटॉपची स्क्रीन वापरली की कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम त्याच केबलने परत आणावी लागते. 1920×1080 ची एक फ्रेम, पिक्सेलला चार बाइट धरले तर, 8.3 एमबी होते. 60 फ्रेमला सेकंदाला 500 एमबी. परतीची दिशा वेगळी असली तरी ही ने-आण फुकट होत नाही.

म्हणून 1440पी, म्हणजे 1080पी पेक्षा जास्त पिक्सेलचा, मॉनिटर घेतला आणि एचडीएमआय केबल थेट कार्डाला लावली. विंडोज आणि पी दाबून फक्त दुसरी स्क्रीन चालू ठेवली. फरक डोळ्यांना लगेच दिसला. झटके जवळजवळ गेले, आणि कार्ड नव्वद टक्क्यांच्या वर काम करू लागलं. बाहेरच्या कार्डावर खेळणाऱ्याने पैसे आधी मॉनिटरवर घालावेत, महागड्या कार्डावर नंतर, हे माझं ठाम मत इथेच झालं.

रिझोल्यूशन वाढवलं की गेम जड होतो, हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. इथे मात्र 1080पी वर डेस्कटॉपच्या तुलनेत होणारं नुकसान जास्त, आणि 1440पी वर कमी. कारण फ्रेम जितक्या जास्त, तितके प्रोसेसरचे हुकूम केबलवरून जास्त. मोठ्या चित्रावर कार्ड स्वतःच्याच कामात गुंतून राहतं, केबलवरचा ताण हलका होतो. त्यामुळे सायबरपंकमध्ये मी सेटिंग उतरवण्याऐवजी चढवली. एक पथ्य पाळलं: टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवरची चित्रं, कार्डाच्या मेमरीत मावतील एवढेच ठेवले. मेमरी भरून माल लॅपटॉपच्या रॅममध्ये सांडला, तर तो या अरुंद केबलवरून उचलावा लागतो आणि गेम तिथल्या तिथे थिजतो. 12 जीबीचं कार्ड घेतलं ते याचसाठी.

काउंटर-स्ट्राइक 2 या झटपट नेमबाजीच्या गेमची गोष्ट उलटी. तिथे लोकांना दोनशेच्या वर फ्रेम हव्या असतात, आणि माझा 15 वॉटचा प्रोसेसर तिथे आधी दमतो. वर केबलचा उशीर. फक्त असेच गेम खेळणाऱ्याला मी हा खर्च करायला सांगणार नाही.

केबलकडेही बघा. थंडरबोल्ट 3 ची साधी, म्हणजे आत सिग्नल वाढवणारी चिप नसलेली (पॅसिव्ह), लांब केबल घेतली तर वेग 20 गिगाबिटवर उतरू शकतो. मी अर्ध्या मीटरची घेतली, म्हणून एन्क्लोजर टेबलावर लॅपटॉपच्या शेजारीच बसलं आहे. पंख्याचा आवाज येतो, हेडफोन लागतोच. आणि लॅपटॉप घेतानाच विचारून घ्या, कारण काही मॉडेलमध्ये थंडरबोल्ट 3 पोर्टला चारऐवजी दोनच लेन दिलेल्या असतात.

वेग हवा असेल तर ऑक्युलिंक आहे, म्हणजे पीसीआयई थेट बाहेर काढणारी दुसरी जोडणी. पीसीआयई 4.0 च्या चार लेनवर 64 गिगाबिट, मधलं थंडरबोल्टचं ओझं नाही. पण ते लावताना-काढताना मशीन बंद करणंच बरं, आणि लॅपटॉप त्यातून चार्ज होत नाही. मला सकाळी एक केबल ओढून लॅपटॉप बॅगेत टाकायचा असतो, म्हणून मी थंडरबोल्टवरच आहे.