एका पेटीत दोन सांधे

पीएच.डी.साठी बॅटरीतला लिथियम धातू आणि एलएलझेडओ नावाचा घन पदार्थ जिथे भेटतात, त्या सांध्याचं संगणकावर मॉडेल करायला घेतलं, तेव्हा वाटलं होतं, दोन स्फटिक एकमेकांवर ठेवायचे आणि सर्व्हरवर गणिताचा जॉब टाकायचा. त्या ‘ठेवायचे’मध्येच सात महिने गेले.

एलएलझेडओ म्हणजे लिथियम, लँथनम, झिर्कोनियम आणि ऑक्सिजनचं गार्नेट. २००७ साली ते पुढे आलं. बॅटरीत लिथियमचे आयन वाहून नेणाऱ्या या घन इलेक्ट्रोलाइटसोबत ऋण टोकाच्या ग्रॅफाइटच्या जागी शुद्ध लिथियम वापरता येईल, ही सगळ्यांची आशा. ग्रॅफाइटची क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास, लिथियमची ३८६०. घोडं अडतं ते सांध्यावर. तिथे पोकळ्या पडतात, रोध वाढतो आणि लिथियमचे तंतू गार्नेटच्या कणांमधल्या सीमांतून आत शिरून शॉर्ट करतात.

माझी पहिली अडचण मापांची होती. गार्नेटची एक पेटी, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा घनाकार तुकडा, १२.९७ अँगस्ट्रॉम लांबीची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), लिथियमची ३.५१. चार लिथियम लावले की १४.०४ होतात, आठ टक्क्यांहून जास्त मोठे. अकरा लिथियम आणि तीन गार्नेट छान जुळतात, पण मग तीन गुणिले तीन अशा नऊ पेट्या लागतात, एकेकीत १९२ अणू. आमच्या सर्व्हरवर डीएफटीला, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरच्या क्वांटम गणिताला, एवढं झेपत नाही. ठाण्याहून वाशीला जाताना लोकलमध्ये मी चौकटीच्या वहीत टिंबं काढत बसायचे. एकदा सरळ रेघ सोडून तीन घरं आडवी, दोन घरं उभी अशी तिरकी रेघ मारली. लांबी तेराच्या वर्गमुळाची, गुणिले ३.५१. आलं १२.६६. फरक फक्त अडीच टक्के! लिथियम सुमारे ३४ अंशांत फिरवलं की एकाच पेटीवर बसत होतं. घणसोली कधी गेलं ते कळलंच नाही. ताण लिथियमलाच दिला, कारण ते मऊ. गार्नेट ताणलं असतं तर त्यातली आयनांची वाटच बदलली असती.

गार्नेटच्या पेटीत लिथियमसाठी जागा १२०, आणि भरायचे ५६. स्थिरविद्युत ऊर्जा कमी असलेल्या काही मांडण्या निवडून पुढे गेले.

लिथियमचे नऊ थर, प्रत्येकात तेरा अणू, खाली गार्नेट. एकूण ३०९ अणू. चिकटण्याची ऊर्जा आली, आकडा चांगला दिसत होता, मी विभागात सादरही केला. मॅडमनी एवढंच विचारलं, “हा आकडा कुठल्या सांध्याचा?” मी स्क्रीनवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, “आणि पेटीच्या वरच्या टोकाला काय आहे, बघितलंस का?”

बघितलं नव्हतं. गणितात पेटी सगळ्या दिशांना पुन्हा पुन्हा येते, म्हणून लिथियमचा वरचा पृष्ठभाग पुढच्या पेटीतल्या गार्नेटच्या तळाला चिकटतो. माझ्या पेटीत दोन सांधे होते, आणि ते सारखे नव्हते. एकीकडे लिथियम-ऑक्सिजनचा थर होता, दुसरीकडे झिर्कोनियम उघडं पडलं होतं. मी मिरवलेला आकडा दोघांची सरासरी होता. त्या रात्री ऐरोलीला घरी येऊन जेवले नाही. आईने ताट झाकून ठेवलं होतं.

पुढचे तीन महिने दोन्ही पृष्ठभाग सारखे करण्यात गेले. एका बाजूचे अर्धे अणू दुसऱ्या बाजूला हलवायचे, म्हणजे सूत्र बिघडत नाही. मग दोन्ही प्रकार वेगवेगळे चालवले. लिथियम-ऑक्सिजनच्या बाजूला धातूचे थर जवळपास रांगेत राहिले. झिर्कोनियम उघडं असलेल्या बाजूला लिथियमकडून इलेक्ट्रॉन झिर्कोनियमकडे गेले आणि पहिल्या दोन थरांची रांग मोडली. सरासरीत हे सगळं झाकलं गेलं होतं.

हे दोन्ही पृष्ठभाग तसे स्वच्छ, कागदावरचे. प्रयोगशाळेतली मैत्रीण एलएलझेडओच्या गोळ्या हवाबंद ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवते, कारण दमट हवेत एलएलझेडओवर लिथियम कार्बोनेटचा पापुद्रा धरतो आणि वितळलेलं लिथियमसुद्धा त्यावर नीट पसरत नाही. तो पापुद्रा मधे घालून केलेली पेटी काल रात्री जॉबला लावली. लावण्याआधी ती आडवी करून दोन्ही टोकं पाहिली.