सरळ कापलेला मणका

बॅरेंट्स समुद्राच्या पश्चिम उतारावर, साधारण 700 मीटरवरून ट्रॉल, म्हणजे जहाजामागे ओढायचं जाळं, वर आला आणि ग्रीनलंड हॅलिबट काय खातो हे पाहण्यासाठी त्याची जठरं तपासायचं काम सुरू झालं. नावाला हा चपटा मासा, पण चपट्या माशांची बरीचशी रीत तो पाळत नाही. चपट्या माशांचे दोन्ही डोळे एकाच बाजूला येतात, पण याचा डावा डोळा पलीकडच्या बाजूला पुरता सरकत नाही, डोक्याच्या कडेवरच थांबतो. खालची बाजूही पांढरी नसते, जवळजवळ वरच्याइतकीच काळपट असते. जबडा मोठा, दात अणकुचीदार. तळ सोडून वर पाण्यात शिकार करणाऱ्याचं हे अंग आहे. कॅपेलिन, ध्रुवीय कॉड, गोनाटस म्हाकूळ, कोळंबी हे त्याचं नेहमीचं खाणं. लहानपणी अ‍ॅम्फिपॉड आणि क्रिल हे कोळंबीसारखे छोटे जीव जास्त, अंग वाढेल तसा माशांचा वाटा वाढतो. मोठे हॅलिबट आपल्याच जातीची पिल्लंही खातात.

रिकामी जठरं ढिगाने निघतात, आणि त्यांची नोंदच सर्वांत जास्त चुकते. रेडफिश या दुसऱ्या माशाचं वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, वर येताना फुगतं आणि जठर तोंडातून बाहेर ढकलतं, त्यामुळे तिथे शंका उरत नाही. प्रौढ हॅलिबटला वाताशयच नसतं. पण जाळ्यातल्या दाबाने तो खाल्लेलं ओकू शकतो, आणि ते बाहेरून कळत नाही. म्हणून जठराची भिंत चाचपायची: जाड, आक्रसलेली, घड्या पडलेली असेल तर खरंच उपाशी, पातळ आणि लुळी असेल तर ओकलेला. मग पित्ताशय पाहायचं. गडद हिरवं आणि भरलेलं असेल तर बराच वेळ काही खाल्लेलं नाही. जठर रिकामं आणि पित्ताशयही रिकामं असेल, तर तो मासा 'उपाशी' या रकान्यात घालू नये.

त्या खेपेत 82 सेंमीची एक मादी होती, जठर टम्म भरलेलं. आत हॅडॉक या कॉड कुळातल्या माशाचं 11 सेंमी लांबीचं डोकं निघालं. धड नाही, शेपटी नाही. धड आधी पचलं असेल, असं पटकन वाटतं. पण डोक्यावरची कातडी अजून शाबूत होती, कल्ले लाल होते. डोकं एवढं ताजं आणि धड पूर्ण गायब, हे जुळत नाही. मानेकडचा भाग धुऊन भिंगाखाली धरला तेव्हा उत्तर मिळालं. पचनात कणा दोन मणक्यांमधल्या सांध्यावर सुटतो. इथे मणकाच मधोमध कापलेला होता, चकतीसारखा सपाट, आणि भोवतीचं मांसही त्याच रेषेत सरळ. हे दातांचं काम नाही, पात्याचं आहे. मासे साफ करणाऱ्या जहाजावरून फेकलेलं डोकं तिने गिळलं होतं.

फरक का पडतो? डोक्यातले कानखडे, म्हणजे ओटोलिथ, मोजून शिकारीची लांबी काढतात आणि लांबीवरून वजन. त्या हिशेबाने तिच्या खात्यावर किलोभर वजनाचा अख्खा हॅडॉक जमा झाला असता, प्रत्यक्षात होतं 160 ग्रॅमचं डोकं. अशी डोकी, यकृताचे तुकडे, मोकळी आतडी 'जहाजावरचा टाकाऊ माल' या वेगळ्या रकान्यात जातात. त्यांचं वजन धरायचं, पण ती शिकार म्हणून मोजायची नाहीत.

याच्या उलटही होतं. तोंडात किंवा घशात चकचकीत, अजिबात न पचलेली कोळंबी दिसली तर ती बहुधा जाळ्यातच गिळलेली असते. ती बाजूला काढायची. लाँगलाइनवर, म्हणजे आमिष लावलेल्या गळांच्या लांब दोरीवर, पकडलेल्या माशात म्हाकुळाचे नीट कापलेले तुकडे म्हणजे आमिष. जठराच्या भिंतीला चिकटलेले गोल जंत परजीवी असतात, खाद्य नव्हे.

उरलेलं सगळं 0.5 मिमीच्या चाळणीवर धुऊन, टिपकागदाने पाणी टिपून, जातवार तोलतात. जहाजावर वेळ नसेल तर अन्ननलिकेकडचं आणि आतड्याकडचं अशी दोन्ही तोंडं दोऱ्याने बांधून, चिठ्ठी घालून उणे 20 अंशांवर ठेवावं. फॉर्मालिन शक्यतो टाळतो, कारण ते आम्लधर्मी झालं की ओटोलिथ विरघळतात, आणि अर्धवट पचलेला कॉड कुळातला मासा कोणता हे ओळखायला बऱ्याचदा तेवढेच उरलेले असतात. म्हाकुळाची चोच मात्र टिकते, मांस केव्हाच संपलं तरी. म्हणून नुसत्या चोची सापडल्या तर त्या ताज्या खाण्यात धरत नाहीत.