तंबूत झोपायला इतके पैसे?

आजचा अख्खा रविवार मसाई मारात गेला. म्हणजे डायनिंग टेबलवर, लॅपटॉपसमोर. ऑगस्टमध्ये केनियातल्या या अभयारण्यात जायचं नक्की आहे, पण राहायचं कुठे यावर सकाळच्या पोह्यांपासून घरात खल चालू आहे.

मुख्य रिझर्व्हमध्ये राहावं तर मारा नदी जवळ, विल्डबीस्टचे (बैलासारख्या मोठ्या हरणांचे) कळप नदी ओलांडताना दिसण्याची शक्यता जास्त. पण जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला १२ तासांचे २०० डॉलर फी! आणि अंधार पडायच्या आत गाड्या कॅम्पात परत. शेजारच्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये (मसाई लोकांच्या जमिनींवरच्या खासगी राखीव रानांत) मात्र रात्रीची सफारी होते, मसाई गाइडबरोबर पायी फिरता येतं, आणि एका बिबट्याभोवती वीस गाड्या नसतात. ताडोब्यात जिप्सींचा जाम भोगलेला असल्यामुळे माझं मत तिकडेच.

बलून राइड मी यादीतून खोडली. नवऱ्याने परत लिहिली. मी परत खोडली. तिथे आता कागद फाटलाय.

आईने फोटो बघून विचारलं, "तंबूत झोपायला इतके पैसे? आणि कुंपण कुठाय?" बऱ्याच कॅम्पांना कुंपण नसतंच, रात्री जेवायला जाताना सोबत राखणदार येतो, हे ऐकल्यावर ती काही न बोलता देवापाशी दिवा लावायला गेली.

शेवटी ठरलं: तीन रात्री कॉन्झर्व्हन्सी, त्यातला एक पूर्ण दिवस नदीवर. नैरोबीहून छोट्या विमानात माणशी १५ किलो सामान, तेही मऊ बॅगेत. दशम्या, लाडू, चिवडा यातलं काय वगळायचं, यावर दुसरी बैठक जेवणानंतर.