पहिल्या वॉल्व्हचा कंडेन्सर आणि गावच्या लाइनीचे व्होल्ट

शनिवार, रात्र

आज माझ्या गिटार अॅम्पमधल्या पहिल्या वॉल्व्हचा (वॉल्व्ह म्हणजे सिग्नल मोठा करणारी काचेची नळी) कॅथोड कंडेन्सर, म्हणजे त्याच्या कॅथोड नावाच्या टोकावरचा, बदलला आणि अॅम्प एकदम मोकळा झाला. वॉल्व्ह तेच, स्पीकर तोच, गिटार तीच, पण गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) वाढवून खालच्या तारांवर कॉर्ड मारली की बेस जो रोवणीच्या बांधीतल्या चिखलासारखा व्हायचा, बोट उचललं तरी सूर सुटायचा नाही, ते सगळं गेलं. आता एकेक तार वेगळी ऐकू येऊन राहिली. इतका आनंद झाला की आई जेवायला हाका मारत होती आणि मी तीच एक कॉर्ड परत परत वाजवत बसलो.

अॅम्प छोटाच आहे, १५ वॉटचा, पुढे ईसीसी ८३ वॉल्व्ह आणि मागे, स्पीकर चालवायला, ईएल ८४ ची जोडी. पहिल्या स्टेजला कॅथोडवर १.५ किलोओहमचा रेझिस्टन्स आणि त्याच्या जोडीला २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता. एवढा मोठा कंडेन्सर असला की गिटारचा सगळा बेस, अगदी सर्वात खालच्या ई तारेचे ८२ हर्ट्झसुद्धा, पूर्ण गेननं पुढे जातात आणि पुढचा वॉल्व्ह त्या बेसनंच भरून जातो. तिथं मी ०.६८ चा लावला. आता साधारण ३०० हर्ट्झच्या खाली गेन उतरायला लागतो आणि पार खाली जवळपास ६ डेसिबलनं कमी राहतो. बस एवढंच केलं, काही रुपयांचा माल.

माझं आता पक्कं मत झालं आहे की बेस काढायचा तर आवाज फाटायच्या (डिस्टॉर्ट व्हायच्या) आधी काढायचा. एकदा फाटला की मग बेसचा नॉब कितीही उलटा फिरवा, फाटलेला बेस फाटलेलाच ऐकू येतो. लोक महागडे कपलिंग कंडेन्सर (एका वॉल्व्हमधून सिग्नल पुढे नेणारे) मागवतात, हजार-हजार रुपये घालतात, पण गणित करून पाहावं ना, ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि पुढे १ मेगओहमचा व्हॉल्यूम असेल तर बेस कापायला सुरुवातच होते ७ हर्ट्झला, तिथं गिटार काही करतच नाही. म्हणून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा दुसऱ्या कंपनीचा लावून फार काही हाती लागत नाही, पण तिथंच ०.००२२ चा लावला तर तोच आकडा ७२ हर्ट्झवर येतो आणि कानाला लगेच कळतं. पैसा किती गेला यापेक्षा आकडा कोणता निवडला हे मोठं.

आणि अॅम्प उघडून त्यात बदल करणं म्हणजे काही वाकडं काम नाही, मोठमोठे आवाज असेच जन्मले. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल अॅम्प तयार झाला तो अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या बॅसमन अॅम्पवरून. फेंडरनं पहिल्या जागी १२ एवाय ७ हा वॉल्व्ह लावला होता, त्याचा अॅम्प्लिफिकेशन फॅक्टर ४५ च्या आसपास, आणि इंग्लंडमध्ये त्या जागी ईसीसी ८३ बसला, त्याचा १००. एका वॉल्व्हच्या जागेनं केवढा फरक! मी उलट्या बाजूनं जाऊन पाहिलं, पहिल्या जागी ईसीसी ८१ लावला, त्याचा ६० असतो, क्लीन चांगला आला पण मला तो थोडा कोरडा वाटला, म्हणून परत ईसीसी ८३ च ठेवला.

पण आमच्या गावात या सगळ्याच्या आधी लाइन येते. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की मल्टीमीटरवर १८० दिसतात आणि मध्यरात्री सगळे बंद झाले की २५०. म्हणजे वॉल्व्हला आतून तापवणारा जो हीटर २३० वर ६.३ व्होल्टचा आहे तो संध्याकाळी पाचच्याही खाली आणि रात्री ६.८५ वर, आणि प्लेटचे (वॉल्व्हचं ते टोक जिथून मोठा झालेला सिग्नल निघतो) व्होल्ट पण त्याच हिशोबानं खालीवर. १८० वर आवाज मऊ येतो, लवकर फाटतो, गोडही लागतो, अमेरिकेचा रॉक गिटारवाला एडी व्हॅन हेलन तर मुद्दाम व्हेरिअॅक लावून व्होल्टेज उतरवून वाजवायचा. पण इतक्या थंड हीटरवर वॉल्व्ह रोज चालवणं मला पटत नाही, दहा टक्के इकडेतिकडे ठीक, त्याच्या पलीकडे नाही. म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग मीटर, मग गिटार. संध्याकाळी एक कंडेन्सर ऐकला आणि रात्री दुसरा, तर तुम्ही कंडेन्सर नाही, लाइन ऐकून राहिले.

२५० वर ईएल ८४ ची पण काळजी वाटते. त्याच्या प्लेटची मर्यादा १२ वॉट, आणि बरेच अॅम्प तिला आधीच टेकलेले असतात. कॅथोडच्या रेझिस्टन्सवर किती व्होल्ट पडतात ते पाहून हिशोब काढायचा, प्लेट लाल दिसेपर्यंत वाट पाहायची नाही. माझ्याकडची एक जोडी जुनी बेलची (भारत इलेक्ट्रॉनिक्स) आहे, बंगळूरची, रेडिओवाल्या काकांनी दिलेली. काकांनी जन्मभर वॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले, आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण मी सोल्डर मारत असलो की बाजूला बसतात. त्यांचं एकच सांगणं, "एक हात खिशात ठेव गा बाबू, आनं प्लग काढला म्हनून हात नको लावू." खरंच आहे, पॉवर सप्लायच्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये अॅम्प बंद केल्यावरही ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात, आणि ते माणसाला सोडत नाहीत. मी १० किलोओहम ५ वॉटच्या रेझिस्टन्सला इन्सुलेशनवाल्या क्लिपा लावून ठेवल्या आहेत, त्यानं रिकामा करतो, मीटरवर शून्य पाहतो, तेव्हाच हात. ज्याला हे येत नाही त्यानं अॅम्प उघडूच नये, अगदी मनापासून सांगतो.

आणखी एक जागा बाकी आहे, निगेटिव्ह फीडबॅक. आउटपुटमधून थोडा सिग्नल मागे आणतात त्यानं आवाज स्वच्छ आणि आवळलेला राहतो, पण फाटतो तेव्हा एकदम फाटतो. १९५९ च्या व्हॉक्स एसी ३० मध्ये तो नव्हताच, म्हणून त्याचा आवाज हळूहळू उघडत जातो. मला एक स्विच टाकायचा आहे, हवा तेव्हा फीडबॅक, नको तेव्हा बंद. घरात एकट्यानं वाजवताना बंद ठेवून फार सुंदर वाटेल, हे आत्ताच माहीत आहे, पण मला घरासाठी टोन करायचा नाही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की आमची झाडीपट्टीची (पूर्व विदर्भाची) नाटकं रात्रभर चालतात, तिथं ऑर्गन आहे, ढोलक आहे, आता ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) पण आला, बेस त्यांच्याकडे भरपूर आहे. गिटारनं त्यांच्या मधून वाट काढायची असते. एकट्यात जो आवाज थोडा पातळ वाटतो तोच तिथं बरोबर बसतो.

उद्या ऑर्गनवाले दादा घरी येऊन राहिले, त्यांच्यासोबत ०.६८ कसा लागतो ते पाहतो. फारच पातळ निघाला तर नागपूरहून बर्डीवरून आणलेले १ आणि २.२ मायक्रोफॅरडचे आहेत, ते एकेक करून लावून बघू. स्टॅबिलायझर मात्र तेव्हाही चालूच राहील.