समोर कॅमेरा नव्हता

“तर मित्रांनो, आता आपण या कामटीला फेव्हिकॉल लावून घेणार आहोत,” असे माझा तिसरीतला भाचा काल आकाशकंदील करताना म्हणाला, तेव्हा खोलीत त्याच्याखेरीज मी एकटाच होतो आणि मीही पेपर वाचत होतो.

समोर मोबाइल नव्हता. तरीही पतंगी कागद चिकटवून झाल्यावर त्याने सांगाडा किंचित तिरपा धरला, कागदाची कड नीट दिसावी इतका वेळ तो थांबला आणि मगच पुढच्या बाजूकडे वळला. कुणाशी बोलतोस, असे विचारल्यावर तो सहज म्हणाला, “कुणाशीच नाही मामा, करताना असंच बोलतात.”

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यानंतर डेटा एकाएकी स्वस्त झाला, आणि त्यानंतर जन्मलेली कितीतरी मुले कंदिलापासून रांगोळीपर्यंत सगळे काही पडद्यावरच्या, चेहरा न दिसणाऱ्या दोन हातांकडून शिकली. ते हात सतत बोलत असतात. आम्हाला कंदील शिकवणारे काका एक शब्दही न बोलता कामट्या बांधत आणि आम्ही दोऱ्याची गाठ कशी बसते ते वाकून पाहत असू.

भाच्याचा कंदील आमच्यापेक्षा सुबक झाला, हे मान्य करायलाच हवे. शिवाय प्रत्येक कृतीमागचे कारण त्याला सांगता येते, जे आम्हाला आजही जमणार नाही. खटकते ते एवढेच, की एकट्याने काम करतानाही त्याच्या मनात कुणीतरी पाहणारे बसलेले असते. तुमच्या घरातली मुले एकटी खेळताना कुणाशी बोलतात, हे कधी कान देऊन ऐकले आहे का?