तंबोऱ्यामागची टर्रर्र

शुक्रवार, रात्री उशिरा

आत्याच्या रियाजासाठी ईएसपी३२ वर, म्हणजे वायफाय असलेल्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर, इलेक्ट्रॉनिक तंबोरा जुळवतोय. पट्टी काळी चार, पंचमाचा. सा-प बऱ्यापैकी लागलेत, म्हणून आज तारा सोडून फक्त मागचं ऐकलं, स्पीकरला कान लावून. तीन गोंगाट आहेत आणि तिघांची घराणी वेगळी.

पहिला सोपा निघाला. लॅपटॉप जोडलेला असला की बारीक शिट्टी यायची, साधारण हजार हर्ट्झची. यूएसबीची फ्रेम दर मिलिसेकंदाला येते, तेव्हा आकडाही जुळतो. केबल काढून पॉवर बँक लावली, शिट्टी गेली. आत्याकडे लॅपटॉप नाहीच, विषय संपला.

दुसरा चिवट. टर्रर्र, सेकंदाला दहाएक वेळा. पट्टी फोनवरून बदलता यावी म्हणून बोर्डाचं स्वतःचं वायफाय चालू ठेवलंय, आणि ते दर १०२.४ मिलिसेकंदांनी ‘मी इथे आहे’ अशी हाक देत राहतं. प्रत्येक हाकेला क्षणभर दोनेकशे मिलिअँपिअर ओढले जातात. वायफाय बंद केलं, टर्रर्र बंद. चोर सापडला, पण घरात शिरतो कुठून? सगळे सांगतात तसा ५ व्होल्टवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. कमी झालं, गेलं नाही. मग वायरी बघत बसलो. बोर्ड आणि अँप्लिफायर, दोघांचा ग्राउंड ब्रेडबोर्डच्या (डाग न देता वायरी खोचायची पाटी) एकाच निळ्या पट्टीवरून, एकाच मळक्या जंपर वायरीने परत जात होता. त्या वाटेचा रोध ०.१ ओहम धरला तरी २०० मिलिअँपिअरला २० मिलिव्होल्ट उठतात. ईएसपी३२ मधला डॅक, म्हणजे आकड्यांचं व्होल्टेज करणारा भाग, ८ बिटांचा, म्हणजे ३.३ व्होल्टचे २५६ भाग. एक पायरी जेमतेम १३ मिलिव्होल्टची. ग्राउंडच दीड पायरी वरखाली होतंय आणि पीएएम८४०३ हा अँप्लिफायर ते इमानेइतबारे मोठं करून ऐकवतोय! अँप्लिफायरच्या ग्राउंडला वेगळी जाड वायर घेतली, थेट पॉवरच्या टोकाशी नेऊन डाग दिला. टर्रर्र जवळजवळ गायब. कपॅसिटरचं कौतुक लोक जरा जास्तच करतात, असं माझं मत झालंय.

तिसरी खरखर. षड्ज विरत जातो तेव्हा अगदी शेवटी येते. एरवी जवारीची झणझण तिला झाकून टाकते. अँप्लिफायरचा इनपुट ग्राउंडला टेकवून पाहिला, तर स्पीकर गप्प. म्हणजे अँप्लिफायर निर्दोष, खरखर डॅकचीच. आवाज लहान होत गेला की २५६ पैकी मोजक्याच पायऱ्या वापरात उरतात आणि गोल लाट खडबडीत होते. फिल्टर लावून वरचं कापावं, तर जवारीही जाते. मग तो तंबोरा कसला? १६ बिट लागणारच. मॅक्स९८३५७ए या डिजिटल इनपुटच्या अँप्लिफायरचं मॉड्यूल आणून ठेवलंय. त्याला आयटूएस या डिजिटल आवाजाच्या जोडणीवरून नुसते आकडे जातात, मधे अॅनालॉग वायर नाहीच, त्यामुळे उरलीसुरली टर्ररही त्या वाटेने यायची नाही.

वायफाय मात्र काढूनच टाकावं म्हणतो. रियाजाला बसल्यावर आत्याला फोन जवळ नकोच असतो. एक गोल बटण पुरे, फिरवलं की पट्टी बदलली. उद्या रोटरी एन्कोडर बघतो, आणि जमलं तर ४ ओहमचा जरा मोठा स्पीकर.